ईटीसी एलिमेंट: नाटकाचा अख्खा हंगाम वापरल्यावर

इंदुरात हौशी मराठी नाटकाचे लाइट करणाऱ्याला बोर्ड, म्हणजे सगळे लाइट जिथून चालवतात ते यंत्र, निवडायची चैन सहसा नसते. सभागृहात जो असेल तो, नाहीतर लग्न-ऑर्केस्ट्रावाल्याकडून भाड्याने आणलेला. भाड्याचा बोर्ड बहुधा कुठल्यातरी नावाजलेल्या मॉडेलची चिनी नक्कल असतो. त्यावर नाचगाण्याला धमाल येते आणि दुसऱ्या अंकातली संथ संध्याकाळ गचके खात मावळते. म्हणून आमच्या ग्रुपने ईटीसी कंपनीचा ४० फेडरचा, म्हणजे ४० सरकत्या दांड्यांचा, एलिमेंट सेकंडहँड घेतला. गणपतीतल्या एकांकिकांपासून उन्हाळ्यातल्या बालनाट्य शिबिरापर्यंत सगळं त्यावर काढलं, आता लिहायला हरकत नाही.

हे मॉडेल कंपनी आता बनवत नाही, त्याच्या जागी एलिमेंट २ आलं. पण आत चालतं ते इऑस सॉफ्टवेअर, कंपनीच्या मोठ्या बोर्डांवर असतं तेच. आउटपुट दोन युनिव्हर्स, म्हणजे १०२४ डीएमएक्स पत्ते. (डीएमएक्स म्हणजे बोर्डाकडून लाइटला जाणारा सिग्नल.) आमच्यासारख्यांना पुरून उरतात. बोर्डाला स्वतःचा स्क्रीन नाही, मॉनिटर बाहेरून जोडायचा. सामान उचलणाऱ्या पोरांची एवढीच एक कुरकुर असते.

आता मुख्य गोष्ट, ट्रॅकिंग. क्यू म्हणजे साठवून ठेवलेला उजेडाचा एकेक बदल. समजा वाड्यातली माजघराची खोली आहे, खिडकीतून उजेड येतोय. क्यू ४ मध्ये खिडकीचा प्रोफाइल (कडा कापता येणारा स्पॉटलाइट) ६० टक्क्यांवर आला आणि क्यू ११ पर्यंत त्याला कोणी हात लावला नाही. साध्या बोर्डावर प्रत्येक क्यूमध्ये स्टेजवरची सगळी स्थिती नव्याने साठवलेली असते. दिग्दर्शक म्हणाला, "खिडकी जरा खाली घे," की आठ क्यू उघडून आठ वेळा तोच आकडा बदलायचा. इऑसमध्ये क्यू ४ ला फक्त 'खिडकी ६०' एवढी आज्ञा असते आणि पुढची आज्ञा येईपर्यंत ती तशीच वाहत राहते. क्यू ४ मध्ये ४५ करून अपडेट दाबलं की ११ पर्यंत सगळीकडे ४५. क्यू ७ चालू असताना बदल सुचला तर अपडेटसोबत ट्रेस दाबायचं, बदल मागे जाऊन मूळ आज्ञेलाच लागतो.

हे सगळं स्क्रीनवर रंगांत दिसतं. आकडा निळा म्हणजे या क्यूमध्ये पातळी वाढली, हिरवा म्हणजे उतरली, जांभळट-गुलाबी म्हणजे मागून वाहत आली, लाल म्हणजे आत्ता हाताने दिलेली. पहिले काही दिवस हे रंगपंचमीसारखं वाटतं. डोळा सरावला की स्क्रीनकडे नुसतं बघून कळतं की शेवटच्या प्रवेशात मागच्या कोपऱ्यातला पार लाइट उगाच का जळतोय: दोन प्रवेश मागे कोणीतरी लावला आणि बंदच केला नाही. ट्रॅकिंगचा त्रास तो हाच. एका ठिकाणचा बदल गळत गळत भलत्याच प्रवेशात निघतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक प्रवेशाचा पहिला क्यू ब्लॉक करून टाकायचा. तिथले आकडे पांढरे दिसतात आणि मागचं काही पुढे झिरपत नाही. बदल एकाच क्यूपुरता हवा असेल तर 'क्यू ओन्ली'. ज्याला हे दोन उपाय माहीत नाहीत तो ट्रॅकिंगला शिव्या घालतो आणि चालू करून दिलेलं बंद करायला सांगतो. असे बरेच भेटले.

आमच्याकडे एक काका आहेत, लिव्हरच्या डिमरवर वाढलेले. त्यांना पुढचा क्यू सोडणारं गो बटण पटेना.

"अरे भिया, नुसतं बटण दाबायचं तर मी इथे बसून काय करून राहिलो? नटाने आज पॉज जास्त घेतला तर?"

"काका, तुमच्यासाठी फेडर ठेवलेत ना. समई तुमच्या हातात."

एलिमेंटचे फेडर चॅनल म्हणून वापरता येतात (एका फेडरवर एक लाइट) किंवा सबमास्टर म्हणून (एका फेडरवर लाइटचा अख्खा गट). बाकी सगळे क्यू गो बटणावर ठेवले आणि देवघरातल्या समईचा उजेड एका सबमास्टरवर टाकला. क्यूमधली पातळी आणि सबमास्टरची पातळी यांत जी जास्त ती स्टेजवर दिसते, त्यामुळे दोघांची भांडणं होत नाहीत. काका नटीच्या श्वासाबरोबर ती समई एक-दोन टक्के हलवत राहतात. प्रेक्षकाला कळत नाही, नटीला मात्र बरोबर कळतं. नुसत्या टचस्क्रीनवर चालणाऱ्या बोर्डावर हे करून दाखवा.

क्यूच्या वेळा देणं सुखाचं आहे. वेळ सांगितली नाही तर ५ सेकंद धरले जातात; चढायला ३ आणि उतरायला ८ असं वेगळंही सांगता येतं. फॉलो दिलं की गो दाबल्यापासून मोजून पुढचा क्यू आपोआप सुटतो, हँग दिलं की आधीचा क्यू पूर्ण झाल्यावर मोजणी सुरू होते. वीज कडाडते त्या प्रवेशात हाताला आराम. मूव्हिंग हेड असतील तर ऑटोमार्क ते अंधारात असतानाच पुढच्या जागेवर नेऊन ठेवतं, उजेडात मान फिरवताना दिसत नाहीत.

एलईडीबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण बोर्ड चांगला आला म्हणजे फेड मऊ होणार असा समज आहे. डीएमएक्सच्या एका पत्त्यावर ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. संध्याकाळ मावळवताना ३० टक्क्यांवरून शून्यावर यायला तीन मिनिटं दिली, तर हातात साधारण ७६ पायऱ्या येतात, म्हणजे दर दोन-अडीच सेकंदांनी एक. हॅलोजनची तार तापायला-निवायला वेळ घेते, त्यात ही पायरी विरून जाते. एलईडी लगेच उत्तर देतो, आणि स्वतः पायऱ्या गुळगुळीत करणारा नसेल तर शेवटच्या दहा टक्क्यांत उजेड उतरत नाही, गडगडतो. १६ बिटचा लाइट असेल तर दोन पत्ते मिळून ६५,५३६ पायऱ्या मिळतात आणि प्रश्न मिटतो. पण भाड्याच्या एलईडी पारला ती सोय बहुधा नसते, आणि तिथे बोर्ड कितीही भारी असला तरी काही करू शकत नाही. आम्ही संध्याकाळ एलईडीने रंगवतो आणि अखेरचा उजेड दोन जुन्या हॅलोजन फ्रेनेलवर सोडतो.

ज्या पारमध्ये नुसते लाल-हिरवा-निळा आहेत, वेगळा डिमर नाही, त्याला इऑस स्वतःच आभासी इंटेन्सिटी देतं. त्यामुळे रंग तसाच ठेवून उजेड कमी-जास्त करता येतो. पॅच करताना, म्हणजे कुठला लाइट कुठल्या पत्त्यावर ते बोर्डाला सांगताना, लाइटचा प्रकार बरोबर निवडला पाहिजे, एवढीच अट.

लाइट फडफडले की पहिला बोल बोर्डाला लागतो. एका सभागृहात तालमीच्या दिवशी मागची ओळ अशी नाचायला लागली की व्यवस्थापक लगेच म्हणाले, "तुमचा जुना बोर्ड गेलाय." डीएमएक्ससाठी ओढलेली होती माइकची केबल, आणि शेवटच्या लाइटवर टर्मिनेटर नव्हता. पिनांमध्ये १२० ओमचा रेझिस्टन्स घातलेला कनेक्टर लावला, नाचणं थांबलं. आता तो कनेक्टर बोर्डाच्या पेटीतच असतो.

एक गोष्ट विसरू नका, आत कॉम्प्युटर आहे. वीज गेली तर तो पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो, आणि तेवढा वेळ प्रेक्षक अंधारात बसत नाहीत. मेमधल्या प्रयोगांना यूपीएसशिवाय बोर्ड लावायचाच नाही असा आमच्याकडे नियम आहे. मॉनिटरही त्याच यूपीएसवर, नाहीतर बोर्ड जिवंत आणि आपण आंधळे.

शिकायला वेळ लागतो का? लागतो. 'वन थ्रू टेन अ‍ॅट फिफ्टी एंटर' ही भाषा बोटांत बसावी लागते. पण इऑस सॉफ्टवेअर लॅपटॉपवर फुकट उतरवून घेता येतं. लाइटपर्यंत सिग्नल पाठवायला कंपनीचा यूएसबी डोंगल लागतो, तयारीला लागत नाही. ऑफिसातून आल्यावर घरी पॅच करायचं, क्यू अंदाजाने बांधायचे, पेनड्राइव्हवर नेऊन सभागृहात फक्त पातळ्या सुधारायच्या. सभागृह जेमतेम सकाळपासून मिळतं आणि संध्याकाळी प्रयोग असतो, तिथे ही सोय पैशांत मोजता येत नाही. इंदूरच्या सानंद या मराठी संस्थेकडे येणाऱ्या नाटकांचे वेगवेगळ्या गटांसाठी लागोपाठ प्रयोग होतात, तशा ठिकाणी तर पहिल्या प्रयोगात केलेली सुधारणा दुसऱ्यात आपोआप हजर असते.

गरबा, ऑर्केस्ट्रा, संगीत रजनी ही कामं मुख्य असतील तर हा घेऊ नका. गाणं ऐकत ऐकत उत्स्फूर्त खेळायला लागणाऱ्या गोष्टी यात आहेत, पण हाताशी नाहीत. त्या कामाला बनवलेले बोर्ड वेगळे.

जुना बघायला जाल तेव्हा आपला मॉनिटर आणि केबल सोबत न्या, विकणाऱ्याकडे असेलच असं नाही. चाळीसही फेडर एकेक करून खाली-वर करा आणि स्क्रीनवर आकडा सलग चढतो का ते पाहा; मधेच उडी मारत असेल तर तो फेडर बदलावा लागेल, तेवढे पैसे कमी करून घ्या. दोन्ही डीएमएक्स पोर्टवर एकेक लाइट लावून बघा. आणि आत सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती आहे ते लिहून आणा, कारण लॅपटॉपवर नव्या आवृत्तीत बांधलेला शो जुन्या आवृत्तीच्या बोर्डावर उघडेल याची खात्री नसते.