स्काय बेटावर जाताना: पूल की फेरी?

लंडनहून मोटारीने स्कॉटलंडच्या स्काय बेटाकडे निघालेल्यांना फोर्ट विल्यमपाशी वाट निवडावी लागते. उत्तरेकडून जाणारा ए-८२ आणि पुढे ए-८७ हा रस्ता ग्लेन शीलच्या डोंगरांमधून, आयलन डोनन किल्ल्याजवळून, १९९५ साली खुल्या झालेल्या पुलावर नेतो. तेथे २००४ पासून टोल नाही आणि वेळापत्रकाचे बंधनही नाही. पश्चिमेचा ए-८३० रस्ता ग्लेनफिननच्या २१ कमानींच्या रेल्वेपुलाजवळून मॅलेग बंदरात पोहोचतो आणि तेथून फेरी मोटारीसह स्कायवरील आर्माडेलला नेते. गाडीची जागा आधी आरक्षित करणे श्रेयस्कर असते, शिवाय वादळी वाऱ्यात फेरी रद्दही होते. तरीही समुद्रावरून हळूहळू जवळ येणारे बेट पाहण्याचे सुख पुलावर नाही. म्हणून जाताना फेरी आणि वेळ पाळणे आवश्यक असलेल्या परतीला पूल, असाच क्रम मी सुचवेन.