सुटलेली फरशी: रेझिन भरायचं, तेवढीच काढून बसवायची की सगळी उखडायची?

बाथरूममधली एखादी टाइल पायाखाली वाजायला लागली की पहिला मोह होतो सांध्यात पांढरं सिमेंट भरण्याचा. टाइल हलतीच राहते, त्यामुळे सांधा लवकरच पुन्हा फुटतो. तो पर्याय मी धरतच नाही.

ठरवण्याआधी दहा मिनिटं काढा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एकेक टाइल ठोकून बघा. घट्ट टाइल टणक वाजते, सुटलेली बद्द बोलते. पोकळ टाइलवर खडूने फुली मारा, मग तिच्या कोपऱ्यावर टाच दाबा. सांध्यातून पाण्याचा बुडबुडा आला तर खाली ओल आहे, आणि निम्मा निर्णय तिथेच झाला.

कारण रेझिनला, म्हणजे घट्ट होणाऱ्या इपॉक्सी गोंदाला, कोरडी जागा लागते. सांध्यात बारीक भोकं पाडायची, धूळ ओढून घ्यायची, पातळ इपॉक्सी सिरिंजने आत सोडायचं आणि वर वजन ठेवून दिवसभर पाय ठेवायचा नाही. जुन्या नक्षीची टाइल आता मिळत नसेल तर हाच मार्ग बरा, कारण टाइल फुटायची भीती कमी. पण खाली चिखल झाला असेल तर इपॉक्सी धरणार कशाला?

काढून पुन्हा बसवणं हे जास्त मेहनतीचं, तरी दोन-चार फुल्यांसाठी मी हेच करेन. आधी सांधे खरवडून मोकळे करा, नाहीतर छिन्नीचा दणका शेजारच्या टाइलला बसतो. टाइलच्या पाठीचा आणि खालचा जुना माल नीट काढा. तो राहिला की टाइल वर येते आणि अंगठ्याला ठेच ठरलेली. खड्डा पूर्ण सुकू द्या. मग खाचांच्या थापीने टाइल अ‍ॅडहेसिव्ह सगळीकडे सारखं पसरा. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाइल दाबायची सवय अनेक गवंड्यांना असते. मधली पोकळी तिथूनच सुरू होते, त्यामुळे काम चालू असताना समोर उभे राहा. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून तिला साध्या सिमेंटची पकड कमी बसते.

निम्म्या फरशीवर फुल्या असतील किंवा खालच्या छतावर डाग असेल, तर सगळं उखडा. धूळ, कमोड काढणं, बरेच दिवस बाथरूम बंद, हे सगळं आलंच. पण वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर वीतभर चढवून नवा करता येतो आणि जाळीकडचा ढाळही सुधारता येतो. टाइल लावण्याआधी पाणी तुंबवून २४ ते ४८ तास गळती बघाच.

जुन्यावरच नवी टाइल चिकटवा, असंही कुणी सुचवेल. पोकळ टाइलवर ती चिकटवली तर दोन्ही मिळून हलतील, शिवाय दार खाली घासेल.

फुल्या फक्त जाळीभोवती असतील तर आधी एकच टाइल काढा. जाळीच्या कडेचा सांधा सुटून पाणी तिथूनच आत जात असेल, तर आधी तो बुजवा, टाइल नंतर.