चेन लावलेली बोचकी: पॅकिंग क्यूब घेऊन केरळ फिरून आलो त्याचा अनुभव

मागच्या डिसेंबरात आम्ही घरचे सहा जण केरळला जाऊन आलो. मी, नवरा, दोन मुलं आणि सासू-सासरे. नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेसने एर्नाकुलम, तिथून मुन्नार, थेक्कडी, अलेप्पी आणि शेवटी तिरुवनंतपुरम, येताना तिथून मुंबईपर्यंत विमान आणि मुंबईहून गाडी करून नाशिक. एकूण ९ दिवस. जायच्या आधी मी ऑनलाइन सहा पॅकिंग क्यूबचा एक सेट मागवला होता, ७९९ रुपयांना, आणि त्याबद्दल नात्यातल्या आणि सोसायटीतल्या इतक्या जणींनी विचारलं की म्हटलं एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पॅकिंग क्यूब म्हणजे नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या पातळ कापडाच्या चौकोनी पिशव्या, तीन बाजूंनी चेन, वरच्या बाजूला जाळी म्हणजे आत काय आहे ते दिसतं. कपडे यात भरायचे आणि हे क्यूब बॅगेत विटांसारखे रचायचे, बस्स. सासूबाईंनी बघितल्या बघितल्या सांगितलं, अगं ही तर चेन लावलेली बोचकी. आणि ते अगदी बरोबर आहे, त्या लहान असताना त्यांच्याकडे गावाला जाताना प्रत्येकाच्या कपड्यांचं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात वेगळं बोचकं बांधायचे, चार टोकांची गाठ, आणि ती सगळी बोचकी एका ट्रंकेत. आपण मधे ही पद्धत सोडून सगळं एकत्र कोंबायला लागलो.

आता मुद्द्याचं. सगळीकडे लिहिलेलं असतं की क्यूबमुळे जागा वाचते. माझा अनुभव असा की जागा थोडीशीच वाचते, खरा फायदा तो नाहीच. खरा फायदा हा की हवी ती वस्तू काढायला अख्खी बॅग उपसावी लागत नाही. रात्री डब्यातले दिवे बंद झाल्यावर धाकट्याने अंगावर दूध सांडलं, पूर्वी असं झालं असतं तर सीटखालून बॅग ओढा, दोन बर्थच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उघडा, मोबाइलच्या उजेडात शोधा, वरचं सगळं खाली आणि खालचं वर, आणि शेजारच्यांची झोपमोड वेगळीच. यावेळी बॅगेची चेन एका बाजूने अर्धी उघडली, हात घातला, त्याचा क्यूब बाहेर, टीशर्ट बदलला, परत आत. दोन मिनिटं पण लागली नसतील. त्या एका रात्रीत माझे ७९९ वसूल झाले असं मी मानते.

पहिल्यांदा मी चूक केली होती ती सांगते कारण बहुतेक जण तीच करतात. मी प्रकारानुसार भरलं, एका क्यूबमध्ये सगळ्यांच्या पँटी, एकात सगळ्यांचे टीशर्ट, एकात आतले कपडे. दिसायला फार छान दिसतं पण एका माणसाला आंघोळीला जायचं असेल तर तीन क्यूब उघडावे लागतात. निघायच्या आदल्या रात्री नवऱ्याच्या हे लक्षात आलं आणि आम्ही अकरा वाजता सगळं परत काढून माणसानुसार भरलं. आम्हा चौघांना माणशी एक क्यूब. आणि सगळ्या गरम कपड्यांचा एक वेगळा, कारण मुन्नार दीड हजार मीटरच्या वर आहे, डिसेंबरात पहाटे चांगली थंडी असते, आणि तिथून उतरलात की अलेप्पीला घाम. म्हणजे मुन्नारनंतर तो स्वेटरचा क्यूब बॅगेच्या तळाशी गेला तो थेट घरी येऊनच उघडला. एका ठिकाणचेच कपडे असतील तर त्यांचा क्यूब वेगळा करा, हे फार उपयोगी पडतं.

तसाच एक छोटा क्यूब देवळाचा केला होता. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना धोतर किंवा मुंडू नेसून उघड्या अंगाने जावं लागतं, बायकांना साडी वगैरे, नुसत्या सलवार कमीजवर सोडत नाहीत, वरून मुंडू गुंडाळावं लागतं. त्यामुळे सासऱ्यांचं धोतर, नवऱ्याचं धोतर, माझी एक साधी साडी असं सगळं त्या क्यूबमध्ये. दर्शनाच्या दिवशी पहाटे उठून अंधारात फक्त तो एक क्यूब काढला.

सहाही क्यूब एकाच राखाडी रंगाचे आले होते, ही मला मोठी अडचण वाटली, जाळीतून दिसतं खरं पण घाईत नाही कळत. मग सासूबाईंनी घरातल्या उरलेल्या लोकरीचे छोटे गोंडे करून प्रत्येक क्यूबच्या चेनच्या रनरला बांधले, लाल मोठ्याचा, पिवळा धाकट्याचा, हिरवा माझा. मुलं आपापला गोंडा ओळखून स्वतः कपडे काढायला लागली, मोठा तर वापरलेले कपडे स्वतः वेगळे करायला लागला, हे मला घरी सांगून कधी जमलं नव्हतं. घेताना रंगीत मिळाले तर रंगीतच घ्या.

भरायची पद्धत. मुलांचे कपडे मी दिवसाप्रमाणे गुंडाळले, म्हणजे टीशर्ट पसरायचा, त्यावर चड्डी, बनियन, मोजे ठेवायचे आणि सगळ्याची मिळून एक घट्ट गुंडाळी. एक गुंडाळी म्हणजे एक दिवस. मोठ्यांच्या शर्टांच्या नेहमीच्या घड्या पण त्या आडव्या एकावर एक न ठेवता उभ्या लावल्या, कपाटात आपण साड्या उभ्या लावतो तशा, म्हणजे सगळ्या एकदम दिसतात. मोठा क्यूब टेपने मोजला तर ४० बाय ३० सेंटीमीटरचा आहे, त्यात नवऱ्याचे पाच शर्ट, दोन पँटी आणि आतले कपडे आरामात बसले. जीन्स मात्र क्यूबमध्ये घालू नका, एक जीन्स माझ्या तीन कुर्त्यांची जागा खाते, ती सरळ बॅगेच्या तळाशी पसरा.

आता कॉम्प्रेशनवाल्यांबद्दल. माझ्या सेटमध्ये दोन क्यूब कॉम्प्रेशनचे होते, म्हणजे त्यांना दुसरी एक चेन असते, ती ओढली की क्यूब दाबला जातो आणि आतली हवा निघून जाते. स्वेटर, जॅकेट, शाल यांना हे एकदम मस्त कारण लोकरीत हवाच जास्त असते, फुगलेला क्यूब जवळजवळ निम्मा होतो. पण सुती कपड्यांत एवढी हवा नसतेच, त्यामुळे फार फरक पडत नाही आणि वरून सुरकुत्या अशा पडतात की इस्त्रीशिवाय घालता येत नाही. माझा एक खादीचा कुर्ता मी त्यात ठेवला होता तो तिथे पूर्ण ट्रिप घालताच आला नाही, मला फार वाईट वाटलं कारण अलेप्पीच्या हाउसबोटीवर तोच घालायचा होता.

आणि वजन! हे नीट समजून घ्या, दाबल्याने आकार कमी होतो, वजन तेवढंच राहतं. जागा दिसली की आपण अजून भरतो. ट्रेनला काही वाटलं नाही, थर्ड एसीत माणशी ४० किलो फ्री असतं, तिथे वजनापेक्षा बॅगांच्या संख्येचा त्रास असतो, गाडी थोडा वेळच थांबते आणि तेवढ्यात सासू-सासऱ्यांना आणि मुलांना चढवून सामान चढवायचं असतं. पूर्वी आमच्या लहानमोठ्या सात बॅगा व्हायच्या, यावेळी चार झाल्या. पण येताना विमानाला केबिन बॅग ७ किलोची लागते आणि आमची एक काउंटरवर ९ च्या वर भरली, कारण दाबून भरलेले कपडे आणि त्यात केळ्याचे वेफर्स आणि थेक्कडीचा मसाला. तिथे मात्र क्यूबनीच वाचवलं, एक अख्खा क्यूब उचलून दुसऱ्या मोठ्या बॅगेत टाकला आणि झालं, चारचौघांसमोर कपडे उचकायची वेळ आली नाही. ओझरहून, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरून, जाणाऱ्यांनी घरीच हुकवाल्या काट्यावर बॅग मोजून घ्या.

तक्रार एकच पण मोठी आहे. कॉम्प्रेशनच्या चेनचा रनर तिसऱ्याच वेळी कोपऱ्यावर निसटला. विकणाऱ्याला कळवलं तर परत करायची मुदत संपली म्हणाले, कारण सेट आधी मागवून ठेवला होता आणि वापरला महिन्याने. नाशिकला आल्यावर चेन दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेलं, त्यांनी ३० रुपयांत नवीन रनर टाकून दिला आणि एक गोष्ट सांगितली जी कुठल्याच जाहिरातीत नाही. चेनच्या जोरावर कपडे दाबायचे नसतात, आधी दोन्ही कडा एका हाताने जवळ आणायच्या आणि मग रनर फिरवायचा, कोपऱ्यावर हळू. तसं केल्यापासून काही झालं नाही. म्हणून सेट आल्या आल्या घरीच एकदा गच्च भरून बघा, मुदत असेपर्यंत.

दुसरं म्हणजे ओल. केरळच्या हवेत टॉवेल वाळत नाही आणि अर्धवट ओले कपडे नायलॉनच्या क्यूबमध्ये बंद केले की दुसऱ्या दिवशी कुबट वास. आम्ही हाउसबोटीवरून निघताना घाईत मुलांचे ओलसर कपडे तसेच भरले आणि तिरुवनंतपुरमला पोचल्यावर सगळे परत धुवावे लागले. ओल्यासाठी साधी प्लास्टिकची पिशवी वेगळी ठेवा आणि मुक्कामी पोचलात की पहिलं ती रिकामी करा.

आणि बायकांसाठी खास, सिल्कची साडी यात अजिबात नको. ट्रिपहून आल्यावर महिनाभरात येवल्याला लग्न होतं, मी पैठणी घडी करून कॉम्प्रेशनच्या क्यूबमध्ये ठेवायला लागले तर सासूबाईंनी हातातून काढून घेतली. घडीवर दाब पडला की जरीची तार तिथेच मोडते, आणि एकदा ती मोडली की काही उपाय नाही. त्यांची स्वतःची पैठणी लग्नातली आहे, ४५ वर्षं झाली, मलमलच्या कापडात गुंडाळलेली, दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलतात, अजून काठ लखलखतात. नायलॉनमध्ये कापडाला श्वास पण घेता येत नाही. त्या लग्नाला पैठण्या मलमलमध्येच नेल्या, सुटकेसमध्ये सगळ्यात वर, त्यावर काही नाही.

तिथूनच मला पुढचं सुचलं. मलमल आणि जुन्या सुती चादरीचे क्यूब शिवून का घेऊ नयेत. मेन रोडवरून मीटरवर चेन आणि सुटे रनर आणले, जाळी घेतली, आणि आमच्या इंदिरानगरमध्ये शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत त्यांना ऑनलाइनवाला क्यूब नमुन्याला दिला. त्यांनी कडेला पायपिंग घालून असा सुंदर शिवून दिला की उभा राहतो, शिलाई ८० रुपये आणि सामान साधारण ५० चं. नायलॉनपेक्षा थोडा जड आहे पण सुती आहे, मशीनला टाकता येतो, आणि आपल्या बॅगेच्या मापाचा होतो, ते बाजारच्या सेटमध्ये कधीच पूर्ण जमत नाही, कायम एका बाजूला चार बोटं जागा उरते.

तर विकत घेणार असाल तर माझ्या मते साधे, कॉम्प्रेशन नसलेले, जाळीचे, दोन रनर असलेले मधल्या मापाचे घ्या, मोठे फार घेऊ नका, मोठ्यात परत तोच ढीग होतो. स्वेटरसाठी एकच कॉम्प्रेशनचा पुरे. एका रात्रीसाठी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन येणार असाल तर काही गरज नाही, खांद्यावरची बॅग बास. पण रोज हॉटेल बदलायचं असेल, सोबत मुलं किंवा म्हातारी माणसं असतील, तर नक्की घ्या, आम्ही पाच हॉटेलं बदलली आणि एकाही ठिकाणी काही विसरलं नाही, कारण निघताना नुसते गोंडे मोजायचे, सहा भरले की निघायचं.

ताईंकडे अजून चार शिवायला टाकलेत, दोन माझ्या आईला, ती चैत्रात सप्तशृंगीगडावर जाणार आहे मैत्रिणींबरोबर. तिच्या क्यूबला मी जांभळा गोंडा सांगितलाय.