सहा किलो चारशे ग्रॅमची घडीची शिडी : दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

कोकण किनारपट्टीवरील एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. आमची पुस्तकांची कपाटे नऊ फूट उंच असल्यामुळे दिवसातून तीस-चाळीस वेळा शिडीवर चढ-उतार होते, आणि एका दालनातून दुसऱ्या दालनात ती बहुतेक वेळा मलाच उचलून न्यावी लागते. शिडी एका हाताने उचलता यावी आणि वर उभे राहिल्यावर ती हलू नये, एवढीच आमची मागणी होती. जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान फॅब्रिकेशन कारखान्याने त्याप्रमाणे अ‍ॅल्युमिनियमची सहा फुटी घडीची शिडी बनवून दिली. तिला आता दोन पावसाळे झाले असून तिच्या गुणदोषांविषयी, विशेषतः तिच्या तिरप्या आधारपट्ट्यांविषयी, सविस्तर लिहिण्याइतका अनुभव माझ्यापाशी जमा झाला आहे.

आमच्याकडे याआधी दोन शिड्या होऊन गेल्या. पहिली लोखंडी होती. ती भक्कम होती, पण तिचे वजन पंधरा किलोंच्या आसपास होते. ती सरकवताना शहाबादी फरशीवर चरे पडत आणि ती हलवण्याच्या कंटाळ्याने वरच्या फळ्यांवरची झाडझूड महिनोन्‌महिने राहून जाई. मग बाजारातून अ‍ॅल्युमिनियमची तयार शिडी आणली. तिचे वजन पाच किलो शंभर ग्रॅम होते आणि पहिले सहा महिने आम्ही सगळे तिच्यावर खूश होतो. पुढे ती बाजूला झुकू लागली. मासिकांचे बांधीव खंड काढताना एकदा मी उजवीकडे जरा जास्त वाकले, तेव्हा शिडीने असा हेलकावा दिला की हातातले दोन खंड खाली पडले आणि कपाटाची कड वेळीच पकडता आली म्हणून मी बचावले.

त्या दिवशी शिडी आडवी घालून मी तिचे सांधे नीट पाहिले. मागच्या दोन पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या प्रत्येक टोकाला एकेका पोकळ पॉप रिव्हेटने, म्हणजे एका बाजूने ओढून बसवायच्या पोकळ खिळ्याने, बसवलेल्या होत्या. रिव्हेटभोवतीची छिद्रे गोल राहिलेली नव्हती, लांबट झाली होती, आणि त्यांच्या कडेला काजळासारखी बारीक काळी पूड साचली होती. बोटावर घेतली तर ती पुसता पुसली जाईना. सांधा थोडा थोडा हलत राहिला की अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅल्युमिनियम घासून अशी पूड होते. ज्या शिडीच्या रिव्हेटभोवती ती दिसते, ती शिडी वरून कितीही चकचकीत असली तरी आतून सैल झालेली असते.

दोष एकट्या रिव्हेटचा नव्हता, मांडणीचाही होता. दोन उभे पाय आणि दोन आडव्या पट्ट्या मिळून चौकोन होतो, आणि चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत एकेकच रिव्हेट असेल तर प्रत्येक कोपरा बिजागरीसारखा फिरतो. असा चौकोन बाजूने ढकलला की सहज तिरका होतो. त्याला सरळ ठेवण्याचे दोन उपाय आहेत. एक तर कोपरे इतके घट्ट करायचे की ते फिरूच नयेत. त्यासाठी जाड पट्ट्या, मोठे सांधे आणि पर्यायाने वजन लागते. नाहीतर चौकोनात तिरपी पट्टी घालून त्याचे त्रिकोण करायचे. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही, त्यामुळे कोपरे बिजागरीसारखे असले तरी चालते. घरांच्या छपराची कैची याच तत्त्वावर उभी असते, आणि हलक्या शिडीला दुसरा मार्ग नाही असे माझे मत आहे.

नवीन शिडीसाठी कारखानदारांकडे गेले तेव्हा मी जाड पट्ट्यांची मागणी केली होती. त्यांनी ती मानली नाही. ते म्हणाले, "ताई, जाडी सगळीकडे वाढवली तर परत लोखंडी शिडीवरच याल. कुठला भाग दाबला जातो आणि कुठला ओढला जातो, ते आधी बघू." मी पदवीला पदार्थविज्ञान शिकले होते, त्यामुळे पुढचा तासभर आम्ही कागदावर आकडेमोड करत बसलो आणि त्यातून मला जे उमगले, ते या शिडीचे खरे मोल आहे.

या शिडीचे मागचे पाय २५ मिलिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या गोल नळीचे आहेत. अशा नळीचे वजन मीटरला साधारण २४० ग्रॅम भरते. साधारण १.८५ मीटर लांबीचा असा पाय मध्ये कुठेही आधार न देता दाबला, तर गणिताप्रमाणे तो १२५ किलोंच्या आसपास भाराला धनुष्यासारखा वाकू लागतो. त्याच वजनाची भरीव कांब घेतली असती तर ती साडेबारा किलोंनाच वाकली असती, कारण धातू मध्यापासून जितका दूर, तितका तो वाकण्याला अधिक विरोध करतो. आता याच नळीला मधोमध पक्का आधार दिला, तर वाकू शकणारी लांबी निम्मी होते आणि भार चौपट, म्हणजे जवळपास ५०० किलोंपर्यंत जातो. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचे असते, पण त्याची लवचण्याला विरोध करण्याची क्षमताही पोलादाच्या सुमारे एक तृतीयांशच असते. म्हणून लोखंडी शिडीचीच मापे अ‍ॅल्युमिनियममध्ये उतरवून भागत नाही. नळीचा घेर वाढवावा लागतो आणि मधले आधार योग्य जागी द्यावे लागतात.

ओढल्या जाणाऱ्या भागांचे गणित अगदी निराळे आहे. पुढची आणि मागची चौकट फाकू नये म्हणून दोन्ही बाजूंना ज्या घडीच्या पट्ट्या असतात, त्या आमच्या शिडीत २० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड आहेत. अशी पट्टी रिव्हेटचे छिद्र वजा जाता ओढीला सातशे किलोंहून अधिक भार सोसते. पण तीच साठ सेंटिमीटरची पट्टी दोन्ही टोकांनी दाबली, तर आठ-नऊ किलोंना पोटातून वाकते. धातू तोच, वजन तेच, आणि फरक एवढा प्रचंड! ज्या भागाला फक्त ओढ बसणार आहे त्याला पातळ पट्टी पुरते, आणि ज्याला दाब बसणार आहे त्याला नळी लागते. बाजारातल्या किती तरी शिड्यांत हे नेमके उलटे केलेले दिसते.

मागच्या चौकटीच्या खालच्या दोन खणांत त्यांनी फुलीच्या आकारात पट्ट्या बसवल्या. प्रत्येक पट्टी १५ मिलिमीटर रुंद आणि अवघी २ मिलिमीटर जाड आहे. शिडी उजवीकडे झुकू लागली की फुलीतली एक पट्टी ताणली जाते आणि दुसरी सैल पडते. डावीकडे झुकली की त्यांची कामे बदलतात. एकच तिरपा आधार दिला असता तर त्याला ओढ आणि दाब दोन्ही सोसावे लागले असते आणि तिथे जाड नळीच घालावी लागली असती. या दोन पट्ट्यांचे एका खणातले वजन मिळून सुमारे ११५ ग्रॅम आहे. जुन्या शिडीवर ज्या हालचालीने मी पडता पडता वाचले, तीच हालचाल नव्या शिडीवर मी पहिल्याच दिवशी, खाली शिपाईकाकांना उभे करून, मुद्दाम करून पाहिली. शिडी जागची हलली नाही.

चौकट फाकू न देणाऱ्या त्या घडीच्या पट्ट्या, म्हणजे फाकपट्ट्या, किती उंचीवर बसवायच्या, यावरही आमचा बराच खल झाला. आमच्या शिडीचे पुढचे-मागचे पाय जमिनीवर एक मीटर अंतरावर टेकतात आणि उंची १.८ मीटर आहे. माझे वजन आणि हातातली पुस्तके मिळून ७० किलो धरले, मी अगदी वरच्या टोकाशी उभी आहे आणि फरशी पूर्ण गुळगुळीत आहे असे मानले, तर शेंड्यापासून ४५ सेंटिमीटर खाली बसवलेल्या पट्ट्यांवर मिळून सुमारे ३९ किलोंची ओढ येते, आणि ९० सेंटिमीटरवर बसवल्यास ती निम्मी होते. खाली बसवल्या की पट्ट्या लांब होतात आणि घडी मिटताना अडचण करतात, पण बिजागरीवरचा आणि रिव्हेटांवरचा ताण घटतो. त्यांनी मधली उंची निवडली. वर्षानुवर्षे टिकायच्या वस्तूसाठी मला तो निर्णय योग्य वाटतो.

पुढच्या चौकटीत पायऱ्या असल्यामुळे तिथे फुली घालता येत नाही. तिथे खालच्या दोन पायऱ्यांखाली गुडघ्यासारखे तिरपे आधार दिले असून प्रत्येक टोकाला दोन रिव्हेट आहेत. सगळ्यात खालच्या पायरीला सर्वाधिक मार बसतो. चढताना पाय आपटतो, शिडी सरकवताना तिलाच ढकलले जाते. पुढचे पाय ४० बाय २० मिलिमीटरच्या बंद चौकोनी नळीचे आहेत, तर जुन्या शिडीला उघडे चॅनेल, म्हणजे एक बाजू मोकळी असलेली पन्हळीसारखी पट्टी, होते. अशा बंद नळीला लांबीभर एक चीर पाडली, तर पीळ पडण्याला तिचा होणारा विरोध दोनशे पटींनी कमी होतो. उघड्या चॅनेलची शिडी चढताना अंगात पीळ भरल्यासारखी का वाटते, ते मला या आकड्यानंतर समजले.

सांध्यांना वेल्डिंग करावे, असा माझा आग्रह होता. त्यालाही त्यांनी नकार दिला आणि कारण सांगितले. शिडीसाठी वापरलेले ६०६३ जातीचे अ‍ॅल्युमिनियम उष्णतेच्या ठरावीक प्रक्रियेने कडक केलेले असते, आणि वेल्डिंगच्या आचेने सांध्याजवळचा भाग पुन्हा मऊ पडून त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. म्हणून त्यांनी भरीव रिव्हेट ठोकले आणि फिरत्या सांध्यांना स्टेनलेस स्टीलचे बोल्ट व नायलॉनचे वॉशर घातले. खाऱ्या हवेच्या गावात साधे लोखंडी बोल्ट घातले असते, तर त्यांच्याभोवतीचे अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजले असते. जुन्या शिडीच्या बिजागरीचे तेच झाले होते. युरोपातील ईएन १३१ या मानकात शिडीवरचा कमाल भार १५० किलो धरलेला आहे, म्हणून शिडी ताब्यात देण्यापूर्वी त्यांनी वरच्या पायरीवर सिमेंटच्या तीन पोत्यांइतके वजन रात्रभर ठेवून दाखवले. ही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, परंतु गिऱ्हाइकासमोर एवढे करणारा कारागीर मला तरी प्रथमच भेटला.

आता उणिवा. फुलीच्या दोन पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथे त्या जोडलेल्या नव्हत्या. शिडी उचलून नेताना सैल पट्टी दुसरीवर आपटून खडखड होई, आणि वाचनालयात तो आवाज फार जाणवतो. महिनाभराने मी त्या जागी वॉशर घालून लहान रिव्हेट मारून घेतला, तेव्हा आवाज थांबला. पट्ट्यांचे कोपरेही घासून गोल केलेले नव्हते. त्यात माझा पदर दोनदा अडकला, आणि शिडीवरून उतरताना पदर अडकणे ही किरकोळ बाब नाही. कानस घेऊन शिपाईकाकांनी ते काम अर्ध्या तासात केले. कारखान्यातच ते व्हायला हवे होते. रबरी बूट सपाट बुडाचे आहेत, पाय मात्र तिरपे, त्यामुळे बुटाची एकच कड फरशीला टेकते आणि तीच झिजते.

सर्वांत विचार करायला लावणारी अडचण मात्र शिडीच्या ताठपणातूनच आली. आमच्या मागच्या दालनातली फरशी जुनी आणि उंचसखल आहे. जुनी सैल शिडी तिथे थोडी पिळवटून का होईना, चारही पाय टेकून उभी राही. नवी शिडी इतकी ताठ आहे की एक पाय तीन-चार मिलिमीटर अधांतरी राहतो आणि चढताना ती टक्‌ टक्‌ करते. पहिल्यांदा मला वाटले, पाय आखूड कापला गेला. सपाट जागी ठेवून पाहिले तेव्हा दोष फरशीचा निघाला. मागच्या एका पायाला आट्यांचा, फिरवून उंची कमी-जास्त करता येईल असा बूट बसवल्यावर हे सुटले. उंचसखल जमिनीवर काम असेल तर ताठ शिडी मागवतानाच असा बूट मागून घ्यावा.

एक सूचना सर्वांनाच लागू आहे. धातूची शिडी विजेच्या कामाला, किंवा उघड्या तारांजवळ, मुळीच वापरू नये. आम्ही दिवे बदलण्यासाठी फायबरची वेगळी शिडी ठेवली आहे.

शिडीला चार हजार सहाशे रुपये पडले. बाजारातल्या तयार शिडीपेक्षा ही रक्कम हजारभराने जास्त होती आणि कार्यकारिणीपुढे तिचे समर्थन करताना मला बराच वेळ बोलावे लागले. वजन सहा किलो चारशे ग्रॅम भरले, म्हणजे जुन्या हलक्या शिडीपेक्षा एक किलो तीनशे ग्रॅम अधिक. त्यातला बराचसा भाग पुढच्या बंद नळ्यांचा आहे. फुल्या आणि गुडघ्याचे आधार मिळून अर्धा किलोही होत नाहीत. दुसरा पावसाळा संपल्यावर मी पांढरा रुमाल ओला करून प्रत्येक रिव्हेटभोवती फिरवला. खालच्या पायरीच्या डाव्या आधाराजवळ पुसटसा काळा डाग आला, बाकी रुमाल स्वच्छ राहिला. तो एक सांधा कारखानदारांनी पैसे न घेता पुन्हा ठोकून दिला आहे, आणि बालविभागासाठी चार फुटी शिडीची मागणी मी गोल कोपरे व तिरप्या बुडाचे बूट अशी नोंद करून त्यांच्याकडेच दिली आहे.