लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉप 'वर' गेला तेव्हा

डिप्लोमाला असताना ५५५ टायमर, ७८०५ रेग्युलेटर असले इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग आणायला मी डोंबिवलीहून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जायचो. दादरला उतरायचं, पश्चिम रेल्वेची स्लो लोकल पकडून ग्रँट रोड, पूर्वेला बाहेर पडून चालत. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, पण ते नाव मी तिथे कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. या रस्त्यावर आपल्याला कोणी टोपी घालू शकत नाही, असा माझा पंचवीस वर्षं जपलेला समज होता. गेल्या वर्षी तो समज ७,८०० रुपयांना गेला. शिवाय ८ जीबी रॅम आणि एक बॅटरी.

मुलीचा लॅपटॉप अचानक चार्ज होईना. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, तोंडावर सबमिशन. लॅपटॉप चौदा महिन्यांचा, म्हणजे वॉरंटी संपून जेमतेम दोन महिने झालेले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने मदरबोर्ड बदलायला सांगितला, ३२ हजार. एवढे पैसे घालण्यापेक्षा लॅमिंग्टन रोडला 'चिप लेव्हल', म्हणजे अख्खा बोर्ड न बदलता त्यावरचा बिघडलेला भागच दुरुस्त करून आणू, असं मीच घरात छातीठोकपणे सांगितलं.

रस्त्यावर पाऊल टाकताच एक मुलगा बाजूने चालायला लागला. "क्या चाहिए सर, लॅपटॉप रिपेरिंग?" असल्या मुलांच्या मागे जायचं नाही, हे मला माहीत होतं. गेलो नाही. स्वतः तीन दुकानांत दर विचारला आणि सगळ्यात कमी सांगणाऱ्याकडे थांबलो. आता कळतं की दर विचारण्यातच मी सगळी हुशारी खर्च केली होती.

काउंटरवरच्या पोराने मागचं झाकण उघडलं, मल्टिमीटरच्या पिना दोन ठिकाणी टेकवल्या आणि म्हणाला, "बोर्ड में शॉर्ट है. साडेचार हजार. एक हजार ॲडव्हान्स." मग चिठ्ठी फाडली. त्यावर दुकानाचं नाव, माझा मोबाइल नंबर आणि एवढंच : लॅपटॉप १ नग, चार्जिंग नाही. पासवर्डही मागितला, 'टेस्टिंगसाठी'. मी दिला. चार्जिंग तपासायला पासवर्ड कशाला लागतो, हा प्रश्न मला परतीच्या गाडीत कुर्ला गेल्यावर पडला. मुलीचे फोटो, कॉलेजचं लॉगिन, सगळं त्यात होतं.

आणि मग लॅपटॉप 'वर' गेला. "वर्कशॉप ऊपर है सर, कस्टमर को अलाउड नहीं." मला विचाराल तर फसवणूक त्या जिन्यावर सुरू होते. त्याआधी जे चालतं ती घासाघीस. ती दोन्ही बाजूंना कळत असते. वस्तू नजरेआड झाली की मग तुमच्याकडे फक्त चिठ्ठी उरते, आणि चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वर सांगितलंच.

दीड तासाने फोन आला. चार्जिंगचा आयसीही (बोर्डावरची चिप) गेलाय, ७,८०० होतील. नको असेल तर लॅपटॉप घेऊन जा, पण उघडण्या-तपासण्याचे १,५०० द्यावे लागतील. दीड हजार देऊन बंद लॅपटॉप घरी न्यायचा, की आणखी थोडे घालून चालू करायचा? एक हजार आधीच अडकलेले. मी हो म्हणालो. उरलेले पैसे क्यूआर कोडवर भरले. मोबाइलवर दुकानाचं नाव न येता कुठल्या तरी माणसाचं नाव आलं. तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, १८ टक्के जीएसटी वर लागेल. मीही मध्यमवर्गीय, हजार-दीड हजार वाचले म्हणून खूश.

घरी लॅपटॉप छान चार्ज झाला. आठवड्याने मुलगी म्हणाली, "बाबा, हा फार रखडतोय, आणि बॅटरी तासभरही टिकत नाही." टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर टिचकी मारली. ८ जीबी. खाली लिहिलेलं, दोन स्लॉटपैकी एक वापरात. आम्ही लॅपटॉप घेतला तेव्हा रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या.

बॅटरीचा पुरावा तर लॅपटॉपनेच जपून ठेवला होता. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' (इंग्रजीत powercfg /batteryreport) ही आज्ञा दिली की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीचा उत्पादक, अनुक्रमांक आणि मागच्या काळात तिची क्षमता कशी उतरत गेली याचा तक्ता असतो. आमच्या तक्त्यात आकडा महिनोन्‌महिने ४७ हजार मिलीवॅट-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) आसपास रेंगाळत होता. रिपेरिंगच्या आठवड्यात तो एकदम २६ हजारांवर आला. कोणाची तरी थकलेली बॅटरी आमच्या पदरात पडली होती. हाच अहवाल आधी काढून मोबाइलवर ठेवला असता आणि रॅम, एसएसडीच्या स्टिकरचे फोटो त्यांच्याच काउंटरवर काढले असते, तर पाच मिनिटं लागली असती. फोटो काढणाऱ्या गिऱ्हाइकाचा लॅपटॉप कदाचित वर गेलाही नसता.

परत गेलो. काउंटरवर वेगळा माणूस. "आपके में आठ ही था सर. लिखवाया था क्या?" मी बॅटरीचा तक्ता दाखवला. त्याने पाहिलाच नाही; उलट म्हणाला, रॅम हवी तर कॉस्टला देतो. म्हणजे माझीच पट्टी मला विकायला निघाला असेल, कोण जाणे. मी आवाज चढवला तेव्हा शेजारच्या दुकानातले लोक मोबाइलमध्ये बघायला लागले.

त्याच इमारतीच्या मागच्या अंगाला एक चाचा बसतात. गाळा एवढा लहान की मायक्रोस्कोप आणि ते, दोघंच मावतात. त्यांनी माझ्यासमोर लॅपटॉप उघडला, बोर्डावर भिंग फिरवलं आणि म्हणाले, "आयसी को तो किसी ने हाथ ही नहीं लगाया. सिर्फ जॅक बदला है." जॅक म्हणजे चार्जरची पिन जिथे खोचतो ती खाच. कंपनीचं सोल्डरिंग आणि हाताने केलेलं यांतला फरक मलाही दिसला, डिप्लोमा तेवढा तरी उपयोगी पडला. कामाचे किती झाले असते? "छह सौ. सात सौ." बघण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. म्हणून त्या रस्त्याला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. जिथे समोर बसून काम पाहता येतं, तिथे जा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. बाई नीट बोलल्या, पण पहिलाच प्रश्न बिलाचा. चिठ्ठीवर जीएसटी क्रमांक नाही (महाराष्ट्रातला असेल तर पंधरा अक्षरी आणि सुरुवात २७ ने), गाळा नंबर नाही. तरी यूपीआयची नोंद, फोनच्या वेळा आणि तो तक्ता जोडून तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, म्हणजे मला ठाण्याला, आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. त्या तयारीत होतो, तोवर दुकानातून फोन आला : दोन हजार परत देतो, विषय संपवा.

मी घेतले. लढायला हवं होतं असं भाऊ अजून ऐकवतो, त्याचं चूक नाही. त्या पैशांत थोडी भर घालून दुसरीकडून रॅम आणली आणि बसवण्याआधी मुलीने दोन्ही पट्ट्यांवर नेलपॉलिशचा ठिपका दिला. बॅटरी मात्र अजून तीच आहे. मुलगी कॉलेजात प्लगजवळची जागा धरायला दहा मिनिटं लवकर निघते.