पान घेऊन या म्हणणारं दुकान (५ पैकी ४ तारे)

सांगलीत कृषी सेवा केंद्रांना तोटा नाही. पण बहुतेक ठिकाणी बागायतदारांची गर्दी असते, आणि गच्चीवर कुंड्या लावणाऱ्या बाईकडे ‘हिला काय द्यायचं’ अशा नजरेनं बघतात. मार्केट यार्डाच्या बाजूचं हे दुकान त्यातलं नाही.

मी सांगितलं, फुलझाडांच्या पानांवर पांढरं पडलंय, औषध द्या. एका दुसऱ्या दुकानात एवढं बोलल्यावर तीन बाटल्या समोर आल्या होत्या. इथं काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “नुसतं पांढरं म्हणून कसं कळायचं काकू? पानं घेऊन या की.” दुसऱ्या दिवशी झिनिया, जास्वंद आणि नळाजवळच्या जर्बेराची पानं नेली. तीन पानांची तीन वेगळी कारणं निघाली.

झिनियाच्या पानावर पीठ भुरभुरल्यासारखं होतं, बोटानं पुसलं की निघत होतं. ही भुरी. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षवाल्यांना भुरी सांगावी लागत नाही, पण द्राक्षावरची बुरशी वेगळी आणि झिनियावरची वेगळी, हे मला इथंच कळलं. दिवसा कोरडं, रात्री दमट, अशा थंडीच्या दिवसांत ती वाढते. पान ओलं असायची तिला गरज नसते, म्हणून वरून पाणी घालायचं बंद केलं तरी जात नाही. जास्वंदीवर कापसाचे पुंजके होते आणि देठावर मुंग्या, म्हणजे मिलीबग, रस शोषणारी कीड. जर्बेरावरचे डाग पुसून निघेनात. त्यानं लिंबाचा थेंब टाकला, डाग विरघळला. आमच्या बोअरच्या पाण्यातले क्षार! त्यासाठी त्यानं काहीच विकलं नाही, पाणी बुंध्याशी घाला म्हणाला.

भुरीसाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक दिलं. लिटरला २ ग्रॅम, पानाच्या दोन्ही बाजूंनी, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. पारा बत्तिसाच्या वर असेल तर मारायचं नाही, पानं करपतात. आणि मिलीबगसाठी निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी सांगितलं ना, ते नि गंधक एकाच झाडावर लागोपाठ नको, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. हे त्यानं पावतीच्या मागं लिहूनच दिलं. गंधकाचा वास घरभर होतो, कपडे वेगळे ठेवा, हातमोजे आणि मास्क घाला.

परिणाम? आधीच पांढरी झालेली पानं काही हिरवी झाली नाहीत. होणारही नाहीत, असं तो आधीच म्हणाला होता. फार पिवळी पडलेली काढून टाकली, कुंड्या थोड्या लांब लांब ठेवल्या, हवा खेळू लागली. नवी पालवी स्वच्छ आली. फवारणीनंतर गंधकाचेच फिकट ठिपके पानांवर राहतात, ते बघून रोग परत आला म्हणून घाबरू नका.

एक तारा कापला तो पुड्यासाठी. लहान पुडा नव्हता, किलोचाच घ्यावा लागला. लिटरला २ ग्रॅम म्हणजे किलोत ५०० लिटर पाणी होतं, आणि माझ्या सगळ्या कुंड्यांना दोन लिटर पुरे. सुटं मागितलं तर फोडून द्यायला तयार नाही, लेबलाशिवाय औषध घरात नको म्हणाला. त्याचं बरोबरच आहे, पण मग कंपन्यांकडून छोटे पुडे मागवा ना! शेजारच्या वहिनींबरोबर अर्धेअर्धे पैसे भरले, पुडा मात्र आमच्याकडेच, वरच्या फळीवर कुलपात. पावती पक्की मिळते, बॅच नंबरासकट.

जायचं असेल तर पान कागदात गुंडाळून न्या, प्लास्टिकमध्ये घाम सुटून पीठ निघून जातं. आणि द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत संध्याकाळी जाऊ नका, काउंटरपर्यंत पोचणं होत नाही.