फिरती पेटी की संग्रहालयात भेट?

शाळांपर्यंत पोहोचायचे तर दोन वाटा: हाताळता येणाऱ्या वस्तूंची पेटी शाळेत न्यायची, किंवा वर्गाला संग्रहालयात बोलवायचे.

पेटीत मूळ वस्तू शक्यतो नकोतच. प्रतिकृती, नोंदवहीत न चढवलेले जादा नमुने, अशा आठ-दहा वस्तू पुरतात. प्रत्येकीसाठी पॉलिइथिलीन फोममध्ये तिच्या आकाराची खाच कापावी. म्हणजे परतताना रिकामी जागा लगेच डोळ्यांत भरते. झाकणाच्या आत फोटोंसह यादी, आणि जाताना-येताना स्थितीची नोंद. गडबड होते ती बहुधा इथेच: जातानाचा फोटो काढलेला नसतो, मग तडा जुना की नवा यावर वाद. धातूच्या वस्तूंना नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) हातमोजे वापरावेत, घामातल्या क्षारांनी गंज चढतो. सुती मोजे काचेवर आणि चकचकीत मातीच्या भांड्यांवर घसरतात, ते टाळावेत.

भेटीत मूळ वस्तू दिसते, हा मोठा फायदा. पण कापड आणि कागदाच्या दालनात प्रकाश साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजायचे एकक), म्हणजे मंद ठेवतात. उन्हातून आलेल्या मुलांना पाच मिनिटे काही नीट दिसत नाही, हे धरूनच वेळ आखावी. दहा-दहाचे गट करावेत. लिहायला फक्त पेन्सिल.

कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी मात्र पेटीच सरस. काचेमागे लपता येत नाही. प्रश्न थेट अंगावर येतात. नव्या माणसाने आधी दोन सत्रे नुसती पाहावीत, तिसऱ्यात एकच वस्तू सांभाळावी.